पावणे एकोणतीस

आप्पा, तुमच्या दहाव्याला मी न जेवता निघून आलो. काकींनी दोनदा ताट वाढायला सांगितलं, दोनदा मी हात जोडले. लोकांना वाटलं, दुःखानं घास उतरत नसेल. दुःख होतंच, पण घास अडला तो रागानं. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावलोय आणि आज सगळं बोलून घेणार आहे, कारण जिवंतपणी तुम्ही मला कधी नीट भांडूच दिलं नाहीत. मी आवाज चढवला की तुम्ही जीपखाली सरकायचात. मग बाहेर फक्त तुमचे पाय दिसायचे. पायांशी माणूस भांडणार तरी किती?

सकाळी घोडनदीच्या काठावर माईक लावला होता. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे एकेक जण उठून दोन शब्द बोलत होता आणि दोन शब्दांची वीस मिनिटं करत होता. एक माजी सरपंच उठले. हे गृहस्थ तुमच्या गॅरेजच्या पायरीवर कधी चढल्याचं मला आठवत नाही. ते म्हणाले, "आप्पांचा हात म्हंजी सोन्याचा हात. आता एखाद्या येळंला इंचभर चुकलं आसंल, पर मानूस मनानं फूटभर मोठा!" आणि लोक हसले. तुमच्या दहाव्याला, तुमचा फोटो हार घालून समोर ठेवलेला असताना, लोक हसले.

सात वर्षं शिरूरच्या जीप स्टँडवर तुमचं हेच नाव होतं. इंचवाले आप्पा. एका जीपचा शाफ्ट एक इंचानं चुकवणारा मिस्त्री. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाटलं, उठावं आणि माईक हिसकावून घ्यावा. पण उठून बोलणार काय? चूक तुमची नव्हती, असं म्हणायची माझी तरी कुठे तयारी होती? त्या घडीपर्यंत मीही तो इंच तुमचाच धरून चाललो होतो. सगळ्यांबरोबर दोन मिनिटं मान खाली घालून उभा राहिलो आणि गप्प बसलो.

तुम्हाला आठवतं का, आपली गाठ कशी पडली? पेट्रोलच्या जुन्या जीपमध्ये डिझेल इंजिन टाकायचं वेड सगळ्या तालुक्याला लागलं होतं. मी कुरकुंभच्या कंपनीतली शिफ्ट सोडून दौंडला रेल्वे फाटकापलीकडे लेथ टाकली होती. दुकानाच्या पाटीचा रंगसुद्धा वाळला नव्हता. तुम्ही शिरूरला जीप उघडायचात, भंगारातल्या टेम्पोचं इंजिन आणि गिअरबॉक्स तिच्यात बसवायचात. पण नवा गिअरबॉक्स जुन्याएवढा लांब कधीच नसतो. त्यामुळे गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जीपच्या पोटाखालून जाणारा शाफ्ट एकतर अपुरा पडायचा, नाहीतर जास्त व्हायचा. तो कापून, जोडून बरोबर लांबीचा करायचं काम माझं. आणि बरोबर लांबी म्हणजे किती, हे सांगायचं काम तुमचं.

ते माप घेताना मी तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा म्हातारा खुळा आहे. जॅकवर चढवलेली जीप तुम्ही खाली उतरवलीत, चाकांवर उभी केलीत आणि रस्त्यावर जाऊन माणसं बोलवायला लागलात. तळेगाव ढमढेरेचा बाजार करून आलेली माणसं एसटीची वाट बघत उभी होती. "या, या, बसा. कुठं न्ह्यायची न्हाई गाडी, निस्तं बसायचं." चौदा जण बसवलेत. मलाही कोपऱ्यात कोंबलंत. माझ्या मांडीवर कुणाच्या तरी मेथीच्या जुड्या होत्या. तुम्ही खाली शिरलात.

शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "गाडी कवा सुटायची रं?"

खालून तुमचा आवाज आला, "सुटत न्हाई, आजी. मोजतुया."

"मला मोजतुयास व्हय?"

"तुमच्यासकट मोजतुया. हलू नगा."

बाहेर आल्यावर तुम्ही मला समजावलंत. माणसं बसली की स्प्रिंगचे पाटे दबतात, एक्सल वर येतो आणि गिअरबॉक्सचं आणि त्याचं अंतर कमी होतं. खड्ड्यात आपटली की आणखी कमी होतं. म्हणून शाफ्टचं एक तोंड दुसऱ्यात सरकेल असं केलेलं असतं. त्या सरकण्याला जागा उरली पाहिजे. जागा नाही उरली, तर शाफ्ट गिअरबॉक्सला आतून ठोसा देतो. "रिकामी गाडी समद्यांनाच बसती," तुम्ही म्हणालात. "भरल्याली बसली पायजे." आयटीआयच्या दोन वर्षांत मला हे कुणी इतक्या कमी शब्दांत सांगितलं नव्हतं. हे तुम्हाला कधी बोललो नाही. आता बोलतोय.

आपलं भांडण होतं ते काठीवरून. तुम्ही पट्टी वापरायचाच नाहीत. बांबूच्या दोन कामट्या एकमेकींना लावायच्या, गिअरबॉक्सपासून एक्सलपर्यंत पोचतील एवढ्या ताणायच्या आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं करकचून बांधायच्या. झालं माप. आकडा नाही, लिहिणं नाही. ती काठी कुणा तरी जीपवाल्याबरोबर दौंडला यायची आणि मी तिच्या लांबीचा शाफ्ट करायचा. त्यात एक दिवस जायचा, कधी दोन. एका बहाद्दरानं वाटेत तुमची काठी कुत्र्यावर उगारली आणि गाठ ढिली करून आणली.

"आप्पा, समोर एसटीडी बूथ आहे. आकडा सांगत चला," मी किती वेळा म्हटलं असेल. "तुम्ही अजून मेंढरंच राखताय."

तुम्हाला ते लागायला हवं होतं. तुम्ही हसलात. "माझ्या बापाला शंभराच्या फुडं मोजता येत न्हवतं," तुम्ही म्हणालात, "पर सांजच्याला एक मेंढरू कमी आसलं तरी नुसता बघून सांगायचा. आकडा इसरतुय मानूस. काठी कशी इसरंल?"

मी हार मानणाऱ्यातला नव्हतो. वर्षभर तुमचं डोकं खाल्लं. आणि तुम्ही ऐकलंत नेमकं नामदेवच्या जीपच्या वेळी.

नामदेवला दुसऱ्या दिवशी वऱ्हाड न्यायचं होतं. सकाळपासून तो तुमच्या उरावर बसला होता. तुम्ही काठीला कुणाची तरी पट्टी लावलीत, बूथवर गेलात आणि मला फोन लावलात. माझ्या दारावरून मालगाडी चालली होती, एका कानात बोट घालून मी ओरडलो, "किती?" तुम्हीही ओरडलात, "पावणे एकोणतीस!" मी पुन्हा विचारलं. तुम्ही पुन्हा सांगितलंत, "पावणे एकोणतीस, पावणे!" मी वहीत लिहिलं. दुपारपर्यंत शाफ्ट कापला, जोडला, लेथवर फिरवून बघितला आणि शिरूरच्या एसटीत टाकला. सोबत चिठ्ठी बांधली. तिच्यातला शब्द न् शब्द मला पाठ आहे. "आप्पा, माप बिनचूक आहे. आता बसवल्यावर परत माणसं बोलावत बसू नका."

बसवल्यावरही तुम्ही माणसं बसवायचात, हे मला ठाऊक होतं. सरकत्या तोंडावर खडूची रेघ मारायचात, पुन्हा चौदा जण चढवायचात आणि रेघेपुढे किती जागा उरली ते बघायचात. तेच करू नका, म्हणून मी लिहिलं होतं. शहाणपणा, दुसरं काय!

आणि तुम्ही केलं नाहीत. आयुष्यात माझं एक ऐकलं नाहीत आणि नको तेव्हा ऐकलंत. का? सांगा ना, का ऐकलंत? नामदेव घाई करत होता म्हणून? की या पोराचा एकदा मान राखू म्हणून? हा प्रश्न मी तुम्हाला सात वर्षांत विचारला नाही, कारण तो विचारायचा असतो हेच मला माहीत नव्हतं.

न्हावऱ्याच्या अलीकडे जीप खड्ड्यात आपटली आणि शाफ्टनं गिअरबॉक्सचं घर फोडलं. भरलं वऱ्हाड रस्त्यावर. नवऱ्या मुलाच्या चुलत्याचं खांद्याचं हाड मोडलं. वेग कमी होता म्हणून तेवढ्यावर निभावलं.

तिसऱ्या दिवशी मी शिरूरला आलो. स्टँडवर नामदेव होता, दहा-बारा जीपवाले होते, तुम्ही होतात. नामदेव माझ्या अंगावर आला. मी त्याला बाजूला सारलं आणि सगळ्यांदेखत तुम्हाला विचारलं, "आप्पा, फोनवर मला पावणे एकोणतीस सांगितलंत की नाही?"

"सांगितलं."

"मग मी तेवढाच केला. खोटं असेल तर सांगा."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "नामदेवा, त्याला सोड. माप माझं हुतं."

झालं. बारा माणसांनी ऐकलं, दुसऱ्या दिवशी बाराशेंनी. इंचवाले आप्पा.

नंतर चहाच्या टपरीवर तुम्ही माझ्यासमोर बशी सरकवलीत आणि भलतंच काहीतरी बोललात. "पावणं घरी आलं, की घरातला एक उठतो आन् जागा देतो. तुझ्या घरात पावणं आलं, पर कुनी उठलंच न्हाई." मला वाटलं, तुम्ही मला माणुसकी शिकवताय. तुमच्याकडून चूक झाली, मी चारचौघांत बोललो, तर म्हणे मी पाहुण्याशी नीट वागत नाही! चहा तसाच टाकून मी उठलो.

त्यानंतर कुणी तुमच्याकडे इंजिन बदलायला जीप आणली नाही. नामदेव पहिला गेला, बाकीचे त्याच्या मागोमाग. ज्या हातानं अख्खी गाडी जन्माला घातली त्या हातानं तुम्ही सात वर्षं ग्रीस मारलंत आणि ब्रेक आवळलेत. माझं दुकान मात्र वाढत गेलं. मापं दुसरे मिस्त्री द्यायला लागले, काठी नाही, कागदावर आकडे, 28.75 असे इंग्रजीत छापल्यासारखे. मी शिरूरला आलो की तुम्ही चहा सांगायचात आणि विचारायचात, "काय म्हंत्यात तुझं पावणं?" दर वेळी. मला वाटायचं, म्हाताऱ्याच्या मनातून अजून जात नाही. मी तुम्हाला मनातल्या मनात माफ करायचो! आप्पा, मी तुम्हाला माफ करायचो. हे लिहिताना माझे कान गरम होतायत.

तर दहाव्याच्या दिवशी. पंगत बसत होती, काकी मला म्हणाल्या, "जरा मागं ये. तुझं एक सामान हाय." मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी आढ्याकडे बोट दाखवलं. तिथे मापाच्या, बांधलेल्या कामट्या होत्या, पन्नासेक तरी असतील. प्रत्येकीवर जीपवाल्याचं नाव तेलकट खडूनं लिहिलेलं. तुम्ही एकही टाकली नव्हतीत. आणि एका कामटीला ट्यूबच्या पट्ट्यांनी एक शाफ्ट बांधलेला होता. मी स्टुलावर चढून तो खाली काढला. वेल्डिंग बघताच ओळखलं, माझाच हात. कामटीवर लिहिलेलं होतं, नामदेव.

दोघांची एका बाजूची टोकं बरोबर जुळवून बांधलेली होती. दुसऱ्या बाजूला शाफ्ट कामटीच्या पुढे आला होता. मी अंगठा लावला. अंगठ्याचं एक पेर. पट्टीची गरज नव्हती, पण मी लेथवाला, खिशात पट्टी असतेच. कामटी मोजली. अठ्ठावीस आणि पाऊण. पावणे एकोणतीस. तुम्ही सांगितलं होतंत तेवढंच, एक केस इकडे नाही की तिकडे नाही. शाफ्ट एकोणतीस आणि पाऊण.

न जेवता दौंडला आलो, माळ्यावरून जुनी वही काढली. तिथे माझ्याच अक्षरात, ठसठशीत, 29¾. एकोणतीस ऐकलं ते आधी लिहिलं आणि पावणे ऐकलं म्हणून पुढे पाऊण ठोकला. पावणे म्हणजे पाव कमी. पावणे एकोणतीस म्हणजे अठ्ठावीस आणि वर पाऊण, हे पहिलीतलं पोर सांगेल. पावणं आलं की घरातला एक उठतो. एकोणतिसातला एक उठायला हवा होता. कुणी उठलंच नाही. तुम्ही मला त्याच दिवशी, त्याच टपरीवर, बशीत ओतून दिलं होतंत. आणि मी चहा टाकून उठलो होतो.

आणखी चीड कशाची येते सांगू? सात वर्षं मी सगळ्यांना छाती ठोकून सांगत होतो, आप्पा म्हणाले पावणे एकोणतीस, मी केला पावणे एकोणतीस. खरा आकडा माझ्याच तोंडात होता. एकदाही मला तो ऐकू आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा काकींकडे गेलो आणि त्यांच्यावरच ओरडलो. तुमच्या वाटचं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्यांना म्या बी म्हनलं हुतं, सांगा त्याला. तर म्हनले, त्यानं आत्ताच नोकरी सोडून दुकान टाकलंय. पयल्याच वर्साला नाव गेलं तर त्याच्या लेथीवर कोन येनार? माझं काय, मी जुना हाय, लोक इसरतील."

लोक विसरले नाहीत, आप्पा. तुमचा हिशेब तिथे चुकला, आणि तोच एक खरा तुमचा चुकलेला. कुणी मागितली होती ही दया? मी मागितली होती? मला चार शिव्या घालायच्या होत्यात, बारा जणांसमोर कान धरायचा होतात. मी रडलो असतो, दुकान बुडालं असतं, कुरकुंभला जाऊन पुन्हा शिफ्ट धरली असती. पण तुमच्यासमोर तरी ताठ मानेनं उभा राहिलो असतो. तुम्ही मला सात वर्षं तुमच्या नावावर जगवलंत आणि ते मला कळूही दिलं नाहीत. उपकाराचीसुद्धा काही रीत असते. ज्याच्यावर करायचे त्याला आभार मानायला वाव ठेवायचा असतो. शाफ्टला ठेवता तसा. माझ्यासाठी तुम्ही तेवढी जागा ठेवली नाहीत.

तेराव्याच्या दिवशी मी शाफ्ट आणि कामटी, दोन्ही बांधलेले तसेच खांद्यावर टाकून शिरूरच्या स्टँडवर गेलो. नामदेवची जीप कडेला उभीच होती. तिला पुन्हा गिअरबॉक्स बदललाय, शाफ्टवाचून आठ दिवस खोळंबलीय. त्यानं मला मोबाईलवर आकडाही सांगितला होता, मी लिहून घेतला नव्हता. मी दोन्ही वस्तू तिच्या बॉनेटवर ठेवल्या आणि सगळ्यांना बोलावलं. सांगितलं. वहीचं पान दाखवलं. पावणे म्हणजे काय, तेही सांगितलं.

नामदेवनं कामटीवरच्या स्वतःच्या नावावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "जाऊ द्या वो. मानूस गेला. आता काय उपेग?"

"उपयोग कसा नाही?" मी ओरडलो. "त्यांना नाव ठेवताना होता उपयोग? तेव्हा सगळे होतात की इथे! त्यातला एकेक जण आता मला ते नाव देईल. इंच माझा आहे. इथून पुढे माझ्या नावानं बोलायचं."

मागून एक तरणा ड्रायव्हर हळूच म्हणाला, "म्हंजी पावणं तुमीच की वो." कुणाला हसू आलं असेल तर त्यांनी ते गिळलं. मी म्हटलं, "हो. मीच."

मग मला नदीवरची ती दोन मिनिटं आठवली. सगळे उभे राहिले होते, मान खाली घालून, मी सुद्धा. आप्पा, तुमच्यासाठी लोकांनी उभं राहायचं? मी जीपचं मागचं फळकूट पाडलं आणि म्हटलं, "या, बसा. कुठे न्यायची नाही गाडी, नुसतं बसायचं." कुणी हलेना. पहिला नामदेव चढला. मग तो तरणा, मग एकेक करत बाकीचे. दोन बाया एसटीची वाट बघत होत्या, त्यांनाही मी बोलावलं. चौदा झाले. पाटे दबले, मला आवाज आला.

तुमच्या शेडमधून आणलेल्या दोन कोऱ्या कामट्या घेऊन मी खाली शिरलो. बाहेर फक्त माझे पाय राहिले असतील.

"हलू नका," मी म्हणालो. कुणी हललं नाही, आप्पा. गाठ आवळायला मला फार वेळ लागला, डोळ्यांना काही धड दिसत नव्हतं. तरी ते थांबले. वरून कुणीही विचारलं नाही, गाडी कधी सुटायची.